साप नावाचा साप नसतो

वाघ बघताना माणसं गप्प होतात आणि साप बघताना ओरडतात. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात रविवारी सकाळी तासभर रेंगाळलं की हे ध्यानात येतं. वाघाच्या खंदकापुढे बाप पोराला खांद्यावर घेतो, आवाज खाली आणतो, ‘तो बघ, झाडामागे’ म्हणतो. तोच बाप सर्पोद्यानात शिरला की काचेवर टिचकी मारतो. साप हलत नाही. मग पुन्हा टिचकी. मग बायकोच्या मानेला मागून बोट लावून तिला दचकवायचं, सगळ्यांनी हसायचं, ‘रबराचा असेल’ असं कोणीतरी म्हणायचं आणि मंडळी पुढच्या काचेकडे. एका सापाच्या वाट्याला जो वेळ येतो तेवढ्यात पाटीवरचं नावसुद्धा वाचून होत नाही.

सापाला बाहेरचे कान नाहीत, पण टिचकीची थरथर त्याला लागते, म्हणून ती मारू नये हे खरंच. मला मात्र वाईट वाटतं ते आपल्या माणसांचं. देशात सर्पदंशाने जी माणसं मरतात त्यातली बहुतेक ज्या चार सापांमुळे मरतात, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं इथे हातभर अंतरावर, मध्ये काच ठेवून, निवांत बघायला मिळतात. शेतात किंवा मोरीत असा निवांतपणा कोणाला मिळायचा? आणि आपण तिकीट काढून येतो, किंचाळतो आणि न बघता बाहेर पडतो.

माझ्या वयाच्या पुणेकरांचं प्राणी बघणं पर्वतीच्या पायथ्याच्या पेशवे पार्कात झालं. फुलराणीत बसायचं आणि येता येता पिंजऱ्यातल्या प्राण्यांना बघून घ्यायचं. १९९९ मध्ये कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि तिथले प्राणी हळूहळू इकडे आले. साप मात्र इथे त्यांच्याही आधीपासून आहेत. निलीमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये इथे सर्पोद्यान उभं केलं. त्याआधी १९८० मध्ये हेच खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले होते आणि पुण्यात ते बघायला गर्दी लोटली होती. आज कोणी असं करावं असं मी म्हणणार नाही, पण साप उगीच अंगावर येत नाही हे त्या काळातल्या पुण्याला सांगायला दुसरा कुठला मार्ग होता, हेही मला सुचत नाही.

यंदा जानेवारीत मी आत्याला घेऊन गेले. आत्याचं सगळं आयुष्य चिपळूणच्या पुढे, कातळावरच्या एका वाडीत गेलं. पुण्याला आली होती ती मोतीबिंदू काढून घ्यायला. पट्टी सुटली, काळा चष्मा आला, घड्याळ लावून डोळ्यांत थेंब घालणं सुरू झालं. डॉक्टरांनी फिरायला हरकत नाही म्हटल्यावर माझ्या बहिणीच्या मुलाने, चिनूने, परस्पर बेत ठरवला. ‘आत्याआजीला वाघ दाखवू.’ आत्या म्हणाली, ‘वाघ बघितलाय मी. गोठ्यात.’ तो बिबट्या होता, पण तिच्या वाडीत त्यालाही वाघच म्हणतात. मग चिनूने विचारलं, साप? त्यावर ती काही बोलली नाही, पण सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसली होती.

जानेवारीची सकाळ साप बघायला चांगली. रात्रभर गारठलेलं अंग शेकायला ते उघड्यावर येतात. एरवी उपड्या मडक्याखालून वेटोळ्याची एक कड दिसली तरी नशीब म्हणायचं.

पहिली लागली ती धामण. वाळक्या फांदीवर पुढचं अंग टाकून उन्हात लांबच लांब पसरली होती. मोठे, गोल डोळे आणि ओठांवर उभ्या काळ्या रेघा. आत्याने लगेच चिनूला माहिती दिली, ‘ही गाईच्या पायांना विळखा घालते आणि दूध पिते.’

‘आमच्या पुस्तकात लिहिलंय, असं काही नसतं म्हणून.’

‘पुस्तकवाल्याच्या गोठ्यात गाय होती काय?’

मी मध्ये पडले. सापाला चोखता येत नाही, त्याचे दात आत वळलेले आणि सुईसारखे टोकदार, ते सडात घुसले तर गाय उभी राहील का, असं विचारलं. आत्याने विचार केला. ‘गाय लाथ घालील, हां,’ ती म्हणाली. सापाविषयी आमचं तिला काही पटलं नसतं. गाईविषयी मात्र तिला शंका नव्हती, त्यामुळे धामण सुटली.

मग धामणींच्या जुगाची गोष्ट निघाली. दोन धामणी एकमेकींना पीळ घालत, अर्ध्या अंगाने उभ्या राहून डोलताना दिसल्या की त्यांच्यावर नवं कापड टाकायचं आणि ते घरात जपून ठेवायचं, बरकत येते, असा समज कोकणात आहे आणि घाटावरही आहे. आत्याच्या सासूने एकदा घडी न मोडलेलं लुगडं टाकलं होतं. चिनूने मोबाईलवरून वाचून दाखवलं की ते नरमादी नसतात, दोन नर असतात, आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. ज्याला खाली दाबलं तो हरला आणि गेला. आत्या पदर तोंडाला लावून हसली. ‘म्हणजे लुगडं फुकट गेलं.’

घोणशीच्या काचेपुढे एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘हे बघ अजगराचं पिल्लू.’ त्या दिवशीही पडलं. बोलणारा गृहस्थ चांगला शिकलेला दिसत होता आणि पाटी त्याच्या नाकासमोर होती. हा घोळ मात्र नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उसाच्या फडात किंवा पेंढ्याच्या गंजीत जाडसर, सुस्त, ठिपक्यांचं जनावर दिसतं, बघणाऱ्याला ते अजगराचं पिल्लू वाटतं, आणि कोणीतरी हौशी ते उचलायला वाकतो. घोणशीची सुस्ती तेवढ्यापुरतीच असते. तिचा वार डोळ्याला दिसायच्या आत झालेला असतो.

फरक बघायचा तर पाठ बघावी. घोणशीच्या पाठीवर लंबगोल, गडद तपकिरी, काळ्या कडेचे ठिपके तीन ओळींत असतात आणि मधली ओळ साखळीतल्या कड्यांसारखी एकाला एक लागून जाते. ठिपका ठिपक्यासारखा, अंतर अंतरासारखं, सगळं नीटनेटकं. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे, एक दुसऱ्यासारखा नाही. डोकं त्रिकोणी आहे की नाही असल्या खुणा मी कोणाला सांगत नाही. घाबरलेल्या माणसाला सगळीच डोकी त्रिकोणी दिसतात. चिडलेली घोणस मात्र डोळे मिटूनही ओळखता येते, कुकरची शिट्टी पडावी तसा फुत्कार टाकते आणि टाकतच राहते. त्या दिवशी ती चिडली नव्हती. वेटोळं घालून, हनुवटी अंगावर ठेवून पडली होती. आतल्या बाजूला पाण्याची कुंडी, वर पिवळा दिवा, एका कोपऱ्यात पालापाचोळा. पाचोळ्यावर गेली असती तर आम्हाला दिसलीच नसती, इतका तिचा रंग त्यात मिसळणारा.

अजगर पलीकडे होता, आणि त्याच्यापुढे मी दर वेळी थांबते त्याला एक कारण आहे. अजगराची मादी अंडी घातली की त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते आणि गारवा वाढला की अंगाचे स्नायू आखडून सोडते, पुन्हा आखडते, पुन्हा सोडते. तेवढ्या हालचालीने ती स्वतःला आणि अंड्यांना ऊब देते. साप थंड रक्ताचा, हे शाळेत घोकलेलं वाक्य तिथे जरा अडखळतं.

फुरशाशी आल्यावर आत्याने काळा चष्मा काढला. मी म्हटलं, अगं उजेड, डॉक्टरांनी सांगितलंय ना. तिने लक्ष दिलं नाही.

‘एवढंसंच?’ चिनू म्हणाला.

‘एवढंसंच असतं. म्हणून तर दिसत नाही.’

फूट-दीड फुटाचं, मातीच्या रंगाचं जनावर. डोक्यावर बाणासारखी फिकट खूण, कडेने पांढुरकी नागमोडी रेघ. त्या काचेपुढे आत्याचा आवाज बदलला. आजूबाजूचे चारजण थांबून ऐकू लागले, कारण ती ऐकीव सांगत नव्हती. कातळावर गवत कापताना डावा हात आधी पुढे घालायचा नाही, काठीने ढवळायचं, हे तिने सांगितलं. जांभ्याचा दगड उचलायचा तर आपल्याकडची कड धरून नाही, पलीकडची कड उचलायची, म्हणजे फट पलीकडे उघडते. फुरसं पळत नाही, अंगाचं दुहेरी वळण करून जागच्या जागी घासत बसतं, खवल्यावर खवले घासून खरखर आवाज करतं, तो आवाज आला की पाय होता तिथेच ठेवायचा आणि आधी डोळ्यांनी शोधायचं. ‘आणि चावलं तर हिरड्यांतून रक्त येतं. लगेच नाही येत. म्हणून लोक घरी बसतात.’

इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या फुरशामागे सरकार बक्षीस देत असे आणि लोकांनी लाखांच्या हिशेबात फुरशी मारून आणली. फुरशी संपली नाहीत. कातळाला इतक्या भेगा आहेत की ती संपणारही नव्हती. उपयोग झाला तो लसीचा. हाफकिन संस्थेत घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून ही लस बनत आली आहे. सरकारी दवाखान्यातली एकच बाटली या चारही सापांवर चालते, त्यामुळे कोणता साप चावला हे शोधत बसायचं, त्याला मारून पिशवीत घालून न्यायचं, याची काही गरज नसते. यात एक मेख आहे. लसीसाठी लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तिकडच्या विषावर बनलेली लस इकडच्या दंशाला कमी पडू शकते, असं अभ्यासक बऱ्याच वर्षांपासून सांगत आहेत.

तालुक्याच्या दवाखान्यात यासाठी जी तपासणी करतात ती मला फार आवडते, कारण तिला यंत्र लागत नाही. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, गोठलं नाही, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष कामाला लागलंय. आत्याने हे बघितलेलं होतं. तिच्या दिराच्या वेळी ती २० मिनिटं ती नळीकडे बघत बाकावर बसून होती. दीर वाचला.

मण्यारीच्या काचेत सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मण्यार रात्रीची. दिवसा तिला तुडवलं तरी डोकं अंगाखाली खुपसून पडून राहते, म्हणून दिवसा बघणाऱ्याला ती गरीब वाटते. मग चिनूला मडक्याच्या तोंडाशी अंगाचा एक तुकडा दिसला. काळा, त्यावर निळसर झाक, इतका चकचकीत की ओला वाटावा. त्यावर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा, दोन-दोनच्या जोडीने. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक ओळ बाकीच्यांपेक्षा मोठी, षटकोनी. आत्या काचेला जवळजवळ नाक लावून उभी राहिली.

तिच्या वाडीतल्या एका सुनेची गोष्ट मला अर्धीमुर्धी ठाऊक होती. त्या दिवशी ती पूर्ण ऐकली. पावसाळ्याचे दिवस, सून सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून मुलाला घेऊन झोपलेली. पहाटे उठली ती पोट दुखतंय म्हणत. ओवा दिला. उजाडल्यावर जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं, त्याने पित्ताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं. नऊच्या सुमाराला तिच्या पापण्या मिटायला लागल्या. रात्रभर झोप नाही म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. मग तिला थुंकी गिळता येईना, बोलणं घोगरं झालं. बाहेरची बाधा आहे असं कोणी म्हणालं आणि त्यात आणखी तास-दोन तास गेले. तालुक्याला नेईपर्यंत श्वास थांबला होता. अंगावर दाताची खूण कोणाला सापडली नाही. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या कणगीमागे साप निघाला.

मण्यारीचा दंश असाच असतो. मुंगी चावल्याइतकाही दुखत नाही, सूज येत नाही, झोपलेल्याला कळत नाही. पहाटेची पोटदुखी आणि जड झालेल्या पापण्या एवढीच तिची सही. हे कळणारा डॉक्टर असेल, लस असेल आणि श्वास चालू ठेवायला व्हेंटिलेटर असेल तर माणूस उठून घरी जातो. सर्पदंशाने भारतात दरवर्षी साधारण ५८,००० माणसं मरतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला होता. २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख. हा आकडा मी अनेकदा वाचला होता, एकदोनदा कोणाला सांगितलाही होता. त्या काचेपुढे त्यातली एक बाई मला चटईसकट दिसली.

‘तेव्हा ठेचलेला होता,’ आत्या म्हणाली. ‘तोंडाकडचं काही राहिलंच नव्हतं. हा असा असतो, हे आज बघितलं.’

पुढच्या काचेत कवड्या होता आणि तो मण्यारीच्या शेजारी ठेवण्याची बुद्धी ज्याला झाली त्याचं कौतुक वाटतं. बिनविषारी, तपकिरी, पाली खायला भिंतीवर चढणारा, म्हणून घरात वारंवार निघणारा आणि पट्ट्यांमुळे मण्यार समजून वारंवार मारला जाणारा. मी आत्याला पट्टे दाखवले. कवड्याचे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, मानेकडे रेघा नसतात किंवा नावापुरत्या असतात, मागे जाल तशा ठळक. आत्या त्या काचेवरून या काचेकडे आणि पुन्हा त्या काचेकडे गेली. मागच्या लोकांची खोळंबलेली रांग तिला दिसतच नव्हती. प्राणिसंग्रहालयात येऊन भीती जाते, असं शाळेच्या सहलीत सांगतात. आत्याची गेली असं मला वाटलं नाही. गवतात सळसळलं की छातीत होणारं जे एक धस्स होतं ते चारपाच ठिकाणी वाटलं गेलं, कुठे जास्त, कुठे काहीच नाही. नुसता साप असा तिथे एकाही काचेमागे नव्हता.

नागापुढे मात्र तिने हात जोडले. हातात चष्म्याची डबी होती, ती धरूनच. शेजारच्या कुटुंबातल्या आजींनीही जोडले. नागाने फणा काढलेला नव्हता, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्यामुळे फण्यावरचा १० चा आकडा बघायला थांबलेली मुलं हिरमुसली. फणा म्हणजे मानेच्या बरगड्या पसरून कातडी ताणणं. नागाला ते कष्टाचं काम, आणि उगीच करण्यातलं नाही. ‘लांब हो’ एवढंच त्याला त्यातून सांगायचं असतं. गारुड्याच्या टोपलीतला नाग दिवसभर डोलताना बघून आपल्याला वाटतं की फणा हीच त्याची नेहमीची बैठक. दुधाचंही तेच. उपाशी, तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते प्यायचा, नागपंचमीला त्याला तहान लागेल अशी व्यवस्था आधीपासून केलेली असायची. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून मिरवायची प्रथा होती, तिला वन्यजीव कायद्याखाली न्यायालयाने अटकाव केला. तिथल्या लोकांना तो अजून सलतो. मला त्यांचं दुःख समजतं, कारण नाग पकडून पुन्हा सोडणारं ते गाव होतं, मारणारं नव्हतं. तरीही हजारोंच्या गर्दीत, ढोलताशात, गळ्यात घालून फिरवलेल्या जनावराचं काय होत असेल, हा प्रश्न उरतोच. आणि हल्लीचे काही सर्पमित्र जे करतात, पकडलेला नाग कॅमेऱ्यापुढे नाचवून चित्रफीत टाकायची, त्याला तर प्रथेचाही आधार नाही. त्यात दरवर्षी कोणीतरी तरुण जातो.

नागाचे डोळे बघून आत्या दचकली. ‘अगो, ह्याचा पण मोतीबिंदू.’

खरंच, दोन्ही डोळे दुधाळ निळे झाले होते. पलीकडे कुंड्यांचं पाणी बदलणारा एक कर्मचारी हसला आणि म्हणाला, कात टाकायला आलाय. सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही जातो. जुनी कात सुटायच्या आधी तिच्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, तेव्हा डोळे असे धुरकट दिसतात आणि सापालाही नीट दिसत नाही. मग तो आडोशाला जातो, खात नाही, चिडका होतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग तो दगडाला ओठ घासून कात सोडवतो, ती डोक्याकडून उलटी होत शेपटीपर्यंत निघते. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘वर्षातून कितीदा?’

‘वाढीवर आहे. लहान असेल तर पुष्कळदा.’

‘आणि थेंब नाही, चष्मा नाही,’ ती म्हणाली आणि स्वतःचा काळा चष्मा परत लावला.

मांडुळाकडे आम्ही फार थांबलो नाही, तो मातीत होता आणि फक्त बोथट शेपूट वर होतं. त्या शेपटीमुळेच दोन तोंडांचा म्हणून तो बदनाम झाला. गुप्तधन, पैशांचा पाऊस असल्या भानगडींसाठी लाखांचा भाव सांगून त्याची तस्करी चालते आणि महिन्यातून एकदा तरी पेपरात त्याची बातमी येते. घोरपडीच्या बाबतीत तर कमाल आहे. पूजासाहित्यात ‘हाताजोडी’ नावाची एक वाळलेली मुळी लक्ष्मी यावी म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला विकायचे. ती मुळी नसते. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. हे मी आत्याला सांगितलं नाही, चिनू बरोबर होता. घरी आल्यावर सांगितलं, तर ती बराच वेळ नुसती ‘शिव शिव’ म्हणत बसली आणि मग वाडीतल्या कोणाच्या देवघरात ती आहे हे आठवून पुन्हा हसू लागली.

मगरींच्या कठड्यापाशी गर्दी होती. एक मगर जबडा सताड उघडा ठेवून काठावर पडलेली आणि ‘भूक लागलीय तिला’ असं एक बाई मुलीला सांगत होत्या. मगर तोंड उघडून बसते ती अंग जास्त तापू नये म्हणून. एका मुलाने नाणं फेकलं, ते तिच्या पाठीवरून टप्पा घेऊन पाण्यात पडलं, पहारेकऱ्याने शिट्टी मारली. आत्याला त्या मगरींचं काही वाटलं नाही. ‘आमच्या वाशिष्ठीत ह्याहून मोठ्या आहेत.’ चिनूला ती थाप वाटली. मी त्याला २०२४ च्या पावसाळ्यातली ती चित्रफीत शोधून दिली, चिपळूणच्या रस्त्यावरून, रिक्षाच्या दिव्यांच्या उजेडात चालत जाणारी मगर. एवढा वेळ शांत असलेला चिनू तिथून बाहेर पडेपर्यंत मगरीबद्दलच विचारत राहिला. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं, हे त्याला सगळ्यात भारी वाटलं. वाघ बघायचा राहिलाच. पुढे बॅटरीच्या गाडीला मोठी रांग होती आणि आत्याची थेंबाची वेळ झाली होती.

जुलैत आत्याचा फोन आला. पडवीत लाकडांच्या ढिगातून साप निघाला होता आणि ती ‘थांब, थांब, पट्टे बघू दे’ म्हणेपर्यंत माझ्या चुलतभावाने काठी घातली होती. मेल्यावर तिने पट्टे बघितले. मानेपासून ठळक होते. भावाला तिने त्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं, दोन दिवस बोलत नव्हती. फोन तिने दुसऱ्याच कामासाठी केला होता. पुण्यात मच्छरदाण्या स्वस्त मिळतात का, जमिनीवर अंथरलेल्या गादीखाली चारी बाजूंनी खोचता येतील एवढ्या मोठ्या हव्यात, आणि एक नको, वाडीत सात घरं जमिनीवर झोपतात, तेव्हा सात आणि वर एखादी जास्तीची.